रानद्राक्षांचा निवाडा

रानद्राक्षाची वेल पानावरून ओळखू नये. पान फसवते. तळहाताएवढे, कडेला दाते असलेले पान आमच्या टेकडीवर पाच-सहा वेलींना तरी असते. खरी खूण घडापाशी असते. झाडाला धरून वर चढण्यासाठी वेलीला जो बारीक, वळ्यावळ्यांचा तणावा फुटतो, त्याच देठातून घडही लोंबतो. एक फाटा आधार शोधत पुढे जातो, दुसऱ्याला फळ धरते. असे दिसले की निर्धास्त तोडावे. शेजारीच आंबटवेल वाढलेली असते. तिची फळेही काळीच, पण पाने तीन-तीन एकत्र असतात आणि फळ खाल्ले तर दिवसभर घसा जळत राहतो.

हे मला पुस्तकाने शिकवले नाही, शेजारच्या मावशीने शिकवले. पुढे पुस्तक हाती आले तेव्हा मी त्याचे काय केले, ते आज लिहायचे आहे. दुसऱ्यांच्या दोषांवर मी आजवर पुष्कळ कागद काळे केले. एक कागद माझ्यावर खर्च झाला तर बिघडत नाही.

आमचे गाव नागावच्या पुढे. समोर समुद्र, मध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या, मागे टेकडी. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या शाळेत मास्तर. त्यांना पत्रकांचे वेड होते. स्वदेशी, बालविवाह, अस्पृश्यता, चहाचे दुष्परिणाम, मद्यपान. ज्या विषयावर मुंबईत चार पानी पत्रक निघे, त्याचा गठ्ठा रेवसच्या बोटीने आमच्या घरी येई. मी अक्षरे त्यावरच गिरवली. इतर मुली ओव्या म्हणत तेव्हा मी 'भगिनींनो' अशी सुरुवात करून गोठ्यातल्या म्हशीला भाषणे देत असे. म्हैस ऐकून घेई. तेव्हापासून माझी अशी समजूत झाली की जो ऐकून घेतो त्याला पटलेले असते.

मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या ज्यूंपैकी. गावात त्या लोकांना शनवारतेली म्हणत, कारण तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा आणि शनिवारी तो बंद. नेसणे नऊवारी, बोलणे आमच्यासारखेच, अळूवडी तर आमच्यापेक्षा चांगली. फरक जाणवे तो शुक्रवारी संध्याकाळी. दिवा लागला की मावशीचे यजमान, ज्यांना मी काका म्हणे, डोक्यावर टोपी घालून चांदीचा छोटा पेला हातात धरत, त्यांच्या भाषेत मंत्र म्हणत, एक घोट घेत आणि पेला मावशीकडे देत. 'वेलीचं फळ निर्माण करणाऱ्या देवा, तुझी स्तुती असो', असा त्या मंत्राचा अर्थ त्यांनी मला सांगितला होता. त्यांच्यातले बहुतेक लोक यासाठी मुंबईहून मनुका आणून पाण्यात भिजवत आणि ते पाणी वापरत. मावशीच्या सासऱ्यांनी मात्र कधीतरी मनुका मिळाल्या नाहीत म्हणून टेकडीवरच्या रानद्राक्षांचा रस केला, तो आंबवला, आणि तेव्हापासून या घरात तीच रीत पडली.

भाद्रपदात घड पिकले की मावशी डोक्यावर हारा घेऊन टेकडी चढे. लहानपणापासून मीही जाई. रस हाताला लागला की खाज सुटते, म्हणून निघण्यापूर्वी ती आम्हा दोघींच्या हातांना कोपरापर्यंत खोबरेल चोळे. घरी आल्यावर फळे देठावरून सोडवायची, पण धुवायची नाहीत. फळावर जी पांढुरकी साय असते तिनेच रस उठतो, असे ती म्हणे. चिनी मातीच्या बरणीत ती हातांनी चुरडायची, फार आंबट म्हणून गूळ घालायचा, तोंडाला फडके बांधायचे. दुसऱ्या दिवसापासून बरणी बोलू लागे. साली वर येत, फेस चढे. सकाळ-संध्याकाळ लाकडी डावाने साली खाली दाबायच्या. आठ-दहा दिवसांनी पंचातून गाळून बाटल्यांत भरायचे आणि बूच सैल ठेवायचे, नाहीतर बाटली फुटते. जेमतेम तीन बाटल्या होत. त्यांत वर्षाचे सारे शुक्रवार आणि सगळे सण भागत.

काका गेले त्यानंतरही मावशीने हे सोडले नाही. मूलबाळ नव्हते. घाणा तीच हाकू लागली. शुक्रवारी पेला भरून काकांच्या जागी ठेवी, आठवेल तेवढा मंत्र म्हणे आणि घोट घेई.

एकोणीसशे तीस-एकतीसच्या सुमाराची गोष्ट. मी अठरा-एकोणीस वर्षांची होते. दारूच्या दुकानांपुढे बायकांनी उभे राहायचे, हे वारे आमच्या किनाऱ्यालाही लागले होते. गावाच्या वेशीवर माडीचे दुकान होते. मी चार बायका जमवल्या आणि रोज दुपारपासून त्या दुकानापुढे उभी राहू लागले. येणाऱ्याला हात जोडायचे, पत्रक द्यायचे, प्रतिज्ञेवर सही किंवा अंगठा घ्यायचा. मावशीलाही मी सही मागितली होती. ती हसली. "अगो, मी कधी दुकानात गेलेय? शुक्रवारचा घोट सोडला तर माझ्या ओठाला काय लागत न्हाय. नि तो सोडायचा न्हाय. मग खोटा अंगठा कशाला देऊ?" मला त्या वेळी राग आला. पुढे खोटे कोण वागले ते दिसेलच.

एका दुपारी मिठागरावर काम करणारा एक आगरी गडी आला. उन्हाने रापलेला, चांगला उंच, आणि जिभेने तिखट. मी हात जोडले, पत्रक पुढे केले.

"वाचता कुनाला येतं?" तो म्हणाला. "तूच सांग काय हाय ते."

मी सांगितले. दारूने घर बुडते, बुद्धी बुडते.

"व्हय का? मंग तुझे मावशीचे घरान बरणी हाय ती?"

दुकानातली माणसे बाहेर आली. त्यांना तमाशा हवाच होता.

"ती पूजेची आहे," मी म्हणाले.

"आमची माडी ती दारू, न् तुझे मावशीची ते तीर्थ का गो? मंग आमी बी रोज पूजाच करतांव!" त्याने हात जोडून दुकानाला नमस्कार केला. सगळे हसले. माझ्याबरोबरच्या चार बायकांपैकी दोघी पदराआड हसल्या, तेही मला दिसले. "आधी शेजारनीची बाटली फोड, पोरी, मंग आमचे मडक्याला हात लाव."

उत्तर होते. रोजचे मडके आणि आठवड्याचा एक घोट यांत फरक आहे, एवढे सांगता आले असते. पण पत्रकात वाढलेल्या माणसाला अपवाद सहन होत नाही. मला तत्त्व अखंड हवे होते. घरी येताना मावशीच्या अंगणात बरणी उन्हाला ठेवलेली दिसली आणि तिच्याकडे मी प्रथमच शत्रूसारखे पाहिले.

त्याच आठवड्यात मावशीला दिराचे पत्र आले. दीर मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात होता. मावशीला वाचता येत नसे. तिची पत्रे मीच वाचत असे, उत्तरेही मीच लिही. दिराने लिहिले होते की, मुंबईच्या मशिदीत (ते आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत) एका जाणत्या माणसाला त्याने घरची रीत सांगितली. तो म्हणाला, मंत्रातली वेल म्हणजे द्राक्षवेल. रानातले कसलेही काळे फळ चालत नाही. द्राक्ष नसेल तर मंत्र फुकट, देवाचे नाव फुकट घेतल्याचा दोष वेगळा. तरी वहिनीने यापुढे मनुका वापराव्यात, तो पाठवील.

मावशी तेव्हा बरणीतल्या साली दाबत होती. चौथा दिवस होता, फेस नुसता उसळत होता. तिने डाव बाजूला ठेवला.

"मंग आजवर जे झालं ते?"

तिच्या मनात काय आले ते मला लगेच कळले नाही. ते तिनेच सांगितले. त्यांच्या लग्नात नवरा पेला हातात धरून मंत्र म्हणतो, अर्धा पितो आणि उरलेला बायकोच्या ओठाला लावतो. आमच्यात सप्तपदी तशी त्यांच्यात ही गोष्ट. मावशीच्या लग्नात तो पेला सासऱ्यांनी केलेल्या रानद्राक्षांच्या रसाने भरलेला होता.

"ते द्राक्ष नसंल तर," ती म्हणाली, "तर माझं लग्न झालं का न्हाय गो?"

असा प्रश्न कुणी मला विचारील असे कधी वाटले नव्हते. साठीला आलेली बाई, नवरा जाऊन चार वर्षे झालेली, आणि मी काय बोलते याकडे डोळे लावून बसलेली.

मग तिनेच मार्ग काढला. अण्णांनी अलिबागच्या वाचनालयातून कोकणातल्या झाडाझुडपांचे एक जाड इंग्रजी पुस्तक आणले होते, ते तिने पाहिले होते. "त्यात बघ. साहेबानं लिवलंय म्हंजे त्याला आपल्या भांडणाशी काय? त्यात जे असंल ते मी मानीन. दिराला तसं कळव."

मी पुस्तक आणले. तिने हात धुऊन पदराला पुसले आणि समोर बसली, जणू पोथी वाचायची होती. मी पान शोधले. वेलीचे वर्णन अगदी जसेच्या तसे होते: रुंद पान, तणाव्याच्याच देठाला घड, दर पावसाळ्यात जमिनीतल्या कांद्यापासून नवी फूट. आणि नावही होते. पुस्तकाने तिला द्राक्षाच्याच कुळात घातले होते. नुसते कुळात नव्हे; शास्त्रीय नावाचा पहिला शब्द दोघींचा एकच. आपण म्हणू, आडनाव एकच.

मी ते दोनदा वाचले. मावशी माझ्या तोंडाकडे पाहत होती. बरणीतून बुडबुड्यांचा आवाज येत होता. मला मिठागरावरचा तो गडी आठवला, त्याचा तो नमस्कार आठवला, आणि वाटले, केवढी सोपी गोष्ट आहे. एक शब्द. मग बरणी नाही, बाटली नाही, टोमणा नाही. मावशी मनुकांचे पाणी वापरील, तिच्या धर्माचेही भागेल आणि माझ्या तत्त्वाचेही.

"नाही मावशी," मी म्हणाले. "ही द्राक्ष नव्हे. ही वेगळी."

"नीट बघितलंस?"

"इथे स्पष्ट लिहिलंय." आणि मी त्या ओळीवर बोट ठेवले. खरे जिथे लिहिले होते, तिथेच.

लग्नाचे तिने पुन्हा काढले नाही. मला वाटले, विसरली. ती उठली, बरणी दोन्ही हातांनी उचलून परसात नेली आणि केळीच्या बुंध्याशी ओतली. मागच्या वर्षीची उरलेली अर्धी बाटलीही. मी मदतीला गेले तर म्हणाली, "तू न्हाय. तुझे हात खाजतील, तेल लावलं न्हाय." आणि हेही म्हणाली, "तू खरं सांगितलंस, बाय. दुसरं कोन असतं तर माझं मन राखायला खोटं बोललं असतं."

या वाक्यावरही मी थांबले नाही. उलट त्या रात्री लेख लिहिला. 'एका घरातील बाटली कशी गेली'. त्यात एक जुन्या वळणाची विधवा होती, तिची चुकीची समजूत होती, आणि ज्ञानाच्या प्रकाशाने ती समजूत दूर करणारी एक तरुणी होती. नाव कुणाचेच नव्हते, पण गावात घाणा एकच. अण्णांनी मोठ्या आनंदाने तो अलिबागला पत्रक म्हणून छापून घेतला आणि गावभर वाटला. माझे छापलेले पहिले अक्षर ते. मी त्याच्या प्रती उशाशी घेऊन निजत असे. दुकानापुढे तो मिठागरावरचा गडी पुन्हा आला तेव्हा मी त्याच्या हातात प्रत ठेवली. त्याने ती दुसऱ्याकडून वाचून घेतली आणि मान हलवली. "ऐकला म्हातारीनं," तो म्हणाला. "गरीब हाय ती." या वेळी तो हसला नाही.

त्यांचा नव्या वर्षाचा सण आला. मावशीने खीर केली, मला वाटी पाठवली. पेला भरला नाही. मुंबईच्या मनुका आल्या होत्या, तरी नाही. मग त्यांचा दारफळणीचा सण आला. त्या दिवशी ते लोक दारे लावून घेतात, दिवसभर पाणीसुद्धा घेत नाहीत आणि देवाजवळ पापांची क्षमा मागतात. तो दिवस सरला तरी मावशीचा उपास सरला नाही. दिवसाआड ती काही खाईना. घाण्याच्या बैलामागे चालताना भिंतीला हात लावू लागली. आई तिला विचारायला गेली तर म्हणाली, "त्यांच्यासाठी धरलेत. त्यांनी दर शुक्रवारी देवाचं नाव फुकट घेतलं. त्यांना ठाऊक नव्हतं, पर घेतलं. ते आता गेलेत, त्यांना उपास धरता येत न्हाय."

आईने हे जेवताना सांगितले. तरीही मी खरे सांगितले नाही. मनाशी हिशेब केला की दोन-चार आठवड्यांत सावरेल. मोठ्या कामात असे थोडे होतेच, असे एका पत्रकात वाचलेही होते.

पुस्तक वाचनालयाला परत करायचे होते. अण्णा ते बांधायला बसले, तेव्हा दुमडलेल्या कोपऱ्याचे पान त्यांनी उघडले. चष्मा वर करून वाचले. मी चुलीपाशी होते.

"हे तू वाचलं होतंस?"

"हो."

"कळलं होतं?"

"हो."

मला वाटले ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी पुस्तक माझ्यापुढे ठेवले, खुंटीवरची टोपी घातली. "मी पत्रकं गोळा करून आणतो," म्हणाले. "तू तिकडे जा." आणि माझे वडील, ज्यांनी आयुष्यभर दारोदार पत्रके वाटली, ते ती परत मागायला दारोदार गेले. अकरा मिळाली. बाकीच्यांत लोकांनी मीठ बांधले होते, विड्या वळल्या होत्या.

मी मात्र त्या दिवशी गेले नाही. घाणा चालू आहे, तिला वेळ नसेल, शनिवारी जाऊ, असे ठरवले. शनिवारी गेले. मावशी ओटीवर बसली होती. शनिवार म्हणून हातात काम नव्हते. कामाचे निमित्त करून ती उठून जाऊ शकत नव्हती आणि मीही नाही.

मी सगळे सांगितले. दुकानापुढचा टोमणा, पुस्तकातली ओळ, ओळीवर ठेवलेले बोट. भाषण करता येणारी मी, पण एकही वाक्य सरळ पुरे झाले नाही. माझे संपल्यावर ती म्हणाली, "पुस्तक आनलंस?"

"आणलंय."

"वाच."

मी वाचले. आधी इंग्रजी, मग मराठी. तणाव्याच्या देठाला घड. कांद्यापासून नवी फूट. द्राक्षाचेच कूळ, द्राक्षाचेच नाव.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचले. या वेळी तिने वाकून त्या ओळीकडे पाहिले. अक्षरांवरून बोट फिरवले, अगदी हळू, तांदळातले खडे पाहावेत तसे.

"तवाबी हीच ओळ दाखवलीस," ती म्हणाली.

"हो, मावशी. पण तेव्हा मी खोटं..."

"तवाबी तूच वाचलंस, आतांबी तूच वाचतेस. मी आता कंचं धरू?"

मी म्हणाले, अण्णांना बोलावते, ते वाचतील.

"गुरुजी तुझेच बाप. मी खंगलेय ते त्यांनी बघितलंय. माझ्यावर दया करून ते बी वाचतील तसं."

मग पोस्टमास्तरांकडे नेऊ. अलिबागच्या वकिलाकडे नेऊ. तुम्ही म्हणाल त्याच्याकडे.

"नि त्याला काय सांगू? का विचारतेस म्हनला तर?" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "वाचून घ्यायचं तर आधी माझं लग्न त्याच्यापुढं मांडावं लागंल. तुझ्यापुढं मांडलं तेवढं पुरे झालं."

मी तिचे पाय धरायला वाकले. तिने पाय मागे घेतले, रागाने नव्हे, उन्हातली पाटी बाजूला सरकवावी तसे.

"आता ते मी वर गेल्यावर त्यांनाच विचारीन," ती म्हणाली. "तू जा. आईला सांग, आज जेवेन."

ती जेवली. उपास तिने सोडले. माझ्यावर विश्वास बसला म्हणून की माझ्या रडण्याला कंटाळून, हे मला माहीत नाही. नंतरच्या भाद्रपदात ती टेकडीवर गेली नाही. मी एकदा हारा भरून घड तिच्या अंगणात नेऊन ठेवले, प्रत्येक घड तणाव्यासकट तोडलेला. तिने पाहिले, "चांगले हाएत" म्हणाली, आणि गावातल्या पोरांना वाटून टाकले. शुक्रवारी आता ती मनुकांचे पाणी पेल्यात घालते. मंत्र म्हणते की नाही, ते कुंपणापलीकडून ऐकू येत नाही.

माझ्याशी ती बोलते. सणाला खीर पाठवते. पण मुंबईहून दिराचे पत्र आले की ते पदराच्या टोकाला बांधते आणि दीड कोस चालत पोस्टमास्तरांकडे वाचून घ्यायला जाते. वाट आमच्या दारावरूनच आहे. मी ओटीवर लिहीत बसलेली असले तर ती थांबून विचारते, "काय लिवतेस गो?" मी सांगते. ती ऐकून घेते आणि पुढे जाते.